हुंकाराची फाइल

माझ्या लॅपटॉपवर 'हुंकार' नावाची एक फाइल आहे. तिच्यात माझाच आवाज आहे, पण मी त्यात काही सांगत नाही. 'हं.' 'हं हं.' 'अच्छा.' 'अरे वा!' 'अगदी बरोबर.' 'म्हणजे बघा की!' असे तीसचाळीस हुंकार मी एका सकाळी एकामागून एक म्हणून ठेवले. काही खालच्या पट्टीत, काही किंचित हसून, दोन-तीन आश्चर्याचे. समोर कुणी नव्हतं. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या टॉवेलांकडे बघत मी 'अगदी बरोबर' म्हणत होते.

हे का करावं लागतं ते सांगते. पॉडकास्ट म्हणजे मुलाखतच, रेडिओवर असायची तशी. फक्त ज्याला हवी त्यानं, हवी तेव्हा फोनवर ऐकायची. पाहुणा बोलत असताना मी मध्येच 'हं' म्हटलं तर दोन आवाज एकमेकांवर चढतात आणि नंतर पाहुण्याचं वाक्य कापता येत नाही. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी मी गप्प बसून नुसती मान हलवते, नंदीबैलासारखी. सगळं कापून-जोडून झालं की फाइल उघडायची आणि जिथं रिकामं वाटेल तिथं एकेक हुंकार टाकायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई किती मन लावून ऐकतेय.

लहानपणी अण्णा, म्हणजे माझे वडील, गोष्ट सांगण्याआधी अट घालायचे की हुंकार दिला पाहिजे. तो थांबला की मी झोपले असं धरून तेही थांबायचे. पुढचं दुसऱ्या दिवशी. कितीतरी गोष्टींचा शेवट मी अशानं चार-चार दिवस उशिरा ऐकला आहे.

मी बरीच वर्षं रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात नैमित्तिक निवेदिका होते. नैमित्तिक म्हणजे बोलावलं की जायचं. मग बोलावणं कमी होत गेलं. पण आवाज लोकांच्या कानात राहिला होता. भाजी घेताना एखादा पन्नाशीचा माणूस वळून बघायचा, 'तुमी त्या हवामान सांगायच्या न्हवं?' या आवाजापायीच कंपनी माझ्याकडे आली.

कंपनी ड्रोन उडवून आणि उपग्रहाची चित्रं घेऊन जमिनीचे नकाशे करून देते. कुठल्या गटात किती ऊस उभा आहे, तळ्यात पाणी कुठवर आलंय, गावठाणात घरं किती, असे. गिऱ्हाईक म्हणजे साखर कारखाने, ग्रामपंचायती, रस्त्याचे ठेकेदार. असल्या मालाची जाहिरात एसटीच्या पाठीवर लावून भागत नाही. नकाशा विकत घेणारा माणूस जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही, गप्पांवर ठेवतो. म्हणून कंपनी गप्पा करवून घेते. सुरुवातीला एका दमात 'हा भाग आपल्यापर्यंत आणलाय' म्हणून कंपनीचं नाव घ्यायचं, आणि मग अर्धा तास असं बोलायचं की जणू आम्ही सहज चहाला बसलो होतो आणि विषय ड्रोनवर गेला.

प्रश्न कंपनीकडून यायचे. उत्तरंही जवळजवळ यायचीच. ऐकणारे किती, हे विचारायची पद्धत नव्हती. अर्धा तास मुळी कुणी ऐकण्यासाठी नव्हताच. त्यातला मिनिटभराचा एक तुकडा कापून, खाली अक्षरं फिरवून, तो व्हॉट्सॲपवर सोडला जायचा. कंपनीची विक्रीची माणसं तो तुकडा घेऊन कारखान्यांचे जिने चढायची.

मला याची लाज वाटत होती असं लिहिलं तर ते खोटं होईल. मजा येत होती. घरामागच्या खोलीच्या भिंतींना चादरी टांगून मी स्टुडिओ केला होता. शेजारी टॉवेलचे माग होते, त्यांची साप्ताहिक सुट्टी तोच आमचा रेकॉर्डिंगचा वार. श्रीपूरकडचे एक शेती अधिकारी आले होते. 'उपग्रह' म्हणायची वेळ आली की दर वेळी माझ्या छताकडे बघायचे. नातेपुत्याच्या एका बियाणं विक्रेत्यानं पाठ केलेलं उत्तर पहिल्याच प्रश्नाला देऊन टाकलं आणि मग पाऊण तास आम्ही त्या उत्तराला साजेसा प्रश्न शोधत बसलो. असल्या माणसांना मी सांभाळून घ्यायचे. चाळिशी उलटल्यावर कुणाला तरी आपली गरज आहे, हे फार गोड असतं.

अण्णांना बोलवायची कल्पना माझीच. 'साखळीपासून ड्रोनपर्यंत' असं भागाचं नावसुद्धा मीच दिलं. कंपनीच्या मार्केटिंगच्या साहेबांना ते फार आवडलं. हे पुण्याचे, तिशीतले, अतिशय नम्र गृहस्थ. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असून कधी आवाज चढवला नाही, हे मुद्दाम नोंदवते.

अण्णा भूमापक होते. लोक मोजणीवाले साहेब म्हणायचे. नोकरी सगळी सोलापूर जिल्ह्यातच झाली, शेवटची बरीच वर्षं बार्शीत. मोजणीची लोखंडी साखळी ओढत सुरुवात केली आणि यंत्रं आली तेव्हा निवृत्तीला आले. त्यांची एक पद्धत होती आणि ती कचेरीत चेष्टेचा विषय होती. मोजणी झाली, खुणा ठरल्या की दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना ते हद्दीच्या दगडापाशी उभं करायचे. सगळ्यांसमोर विचारायचे, 'ही हद्द बरोबर आहे?' मान हलवलेली चालायची नाही. तोंडानं 'व्हय' म्हणायचं, एकानं आणि मग दुसऱ्यानं. तोवर साहेब पेनाचं टोपण काढत नसत. कधीकधी एखादा अडून बसायचा, मग उन्हात दोन-दोन तास तसंच उभं राहायचं. सोबतचा शिपाई म्हणायचा, 'सायब, लिवा की आता, व्हयच हाय त्याचं.' अण्णा म्हणायचे, 'म्हणू दे की मग त्याला.'

कायद्यात असं काही नाही. पंचनाम्यावर सही घेतली की काम झालं. पण अण्णांचा हिशेब असा की सही माणूस दबावानं करतो, दगडावर उभं राहून चारचौघांत खोटं 'व्हय' म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. त्यांनी मोजलेल्या शेतांचे वाद पुन्हा वर आले नाहीत, असं बार्शीच्या बाजूला अजून बोललं जातं. खरं-खोटं मी तपासलेलं नाही. मुलगी म्हणून ते मला खरं वाटतं.

ते एसटीनं आले, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. खिशाला तेच पेन. माइक बघून जरा बिचकले.

'अण्णा, माझा आवाज कानात येतोय का?' मी हेडफोन लावून देत विचारलं.

'व्हय.' थोडं थांबून, 'येतोय की. लई जवळनं येतोय.'

मग ते बोलले. सुंदर बोलले. साखळी उन्हानं किती वाढते, मोजणीच्या दिवशी घराघरात कसं ताणलेलं असतं, एका म्हातारीनं दगडाला हळद-कुंकू लावून ठेवलं होतं म्हणून तो सापडला, असं सगळं. मी मान हलवत होते. तेवढा अर्धा तास ती मान खरीखुरी हलत होती.

शेवटी कंपनीचा प्रश्न आला. तो मी वाचला, 'म्हणजे अण्णा, आता ड्रोनचा नकाशा बघितला की हद्दीचे वाद मिटतील, नाही का?'

अण्णा म्हणाले, 'मिटायचे न्हाईत. ड्रोन चांगलाच हाय, आमच्या पायाची झीज वाचली असती. पण वरनं त्याला बांध दिसतो. आणि बांध काय, माणूस दरसाल नांगराची एक रेघ आत घालतो आणि बांध कोरत जातो. दहा वर्सांत बांध कुठल्या कुठं. दगड असतो मातीखाली, नाहीतर बाभळीच्या मुळात. तो दिसत न्हाई. आणि दगड दिसला तरी दोघांनी म्हणाया पायजे.'

मी त्यांना बसस्टँडवर सोडलं. परत येताना फार बरं वाटत होतं. रेडिओच्या सगळ्या वर्षांत मी इतकी चांगली मुलाखत घेतली नव्हती.

मार्केटिंगच्या साहेबांचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. 'मॅडम, सर ग्रेट आहेत. फक्त शेवट थोडा निगेटिव्ह जातोय. प्रश्न इतका छान आहे, त्यावर सरांचं एक स्वच्छ हो मिळालं तर क्लिप होईल. बघा जमतंय का. आणि हो, दुसऱ्या सीझनचं प्रपोजल आम्ही तुमच्याच नावानं पाठवतोय वर.'

त्यांनी 'कापा' असं म्हटलं नाही. 'बघा' म्हटलं. अण्णांना पुन्हा बोलावता आलं असतं. पण अण्णा तेच उत्तर देणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी अण्णांच्या मुलाखतीची फाइल पहिल्यापासून उघडली. माझा आवाज कानात येतोय का, तर 'व्हय'. त्याच्यापुढं छोटी पोकळी होती, त्यामुळे ते 'व्हय' अलगद निघालं. खोली तीच, माइक तोच, माणूस तोच. ते उचलून कंपनीच्या प्रश्नापुढं ठेवलं. प्रश्नानंतर जरा विचार केल्यासारखं वाटावं म्हणून अण्णांचाच एक श्वास त्याच्याआधी लावला. मागोमाग हुंकाराच्या फाइलमधून माझं 'अगदी बरोबर'. बांधाचं आणि दगडाचं सगळं काढून टाकलं. चहा गार व्हायच्या आत काम झालं होतं.

त्या वेळी मनात काय होतं, हे मी नंतर पुष्कळ शोधलं. काही भव्य सापडलं नाही. एका शब्दानं काय होतंय, असं वाटलं. अण्णा कशाला ऐकत बसतायत, असंही वाटलं.

अण्णांनी ऐकलं, पण पहिली दहा मिनिटं. 'तुजा आवाज चांगला आलाय,' असा त्यांचा फोन आला. मी विषय बदलला.

पावसाळा सरला. रब्बीची पेरणी झाली. साहेबांनी कळवलं की अण्णांचा तुकडा सगळ्यात जास्त फिरतोय. मग एके दिवशी अण्णांचा पुन्हा फोन आला. आवाज वेगळा होता.

'पोरी, मी तिथं ड्रोनच्या नकाशाला व्हय म्हणलोय का?'

मी म्हटलं, 'का हो?'

त्यांनी सांगितलं ते असं. बार्शीपासून पाऊण तासावरच्या एका गावात दोन चुलतभावांची शेतं लागून आहेत. वीसेक वर्षांपूर्वी अण्णांनी ती मोजली होती. दोघांना दगडावर उभं केलं होतं, दोघं 'व्हय' म्हणाले होते. मधल्या वर्षांत बांध थोरल्याच्या शेतात सरकला. आता कंपनीच्या ॲपवर त्या शिवाराचा नकाशा आलाय आणि त्यात रेघ आहे ती बांधावरून. धाकट्यानं त्या रेघेवर सिमेंटचे खांब रोवायला घेतले. थोरला आडवा आला, म्हणाला, मोजणीवाल्या साहेबांचा दगड तुझ्या बाजूला आत आहे. धाकट्यानं फोन काढला आणि साहेबांचाच आवाज ऐकवला. ड्रोनच्या नकाशानं वाद मिटतील? व्हय. अगदी बरोबर.

'त्यो थोरला माझ्याकडं आल्ता,' अण्णा म्हणाले. 'मला ऐकवलं त्यानं. माझाच आवाज हाय. पण मला आठवत न्हाई गं.'

ही माझी वेळ होती. फोनवर ते माझं तोंडही बघू शकत नव्हते. मी म्हटलं, 'बघते अण्णा.' हा शब्द मी कुठून शिकले होते, ते माझ्या लगेच लक्षात आलं.

'म्हणलो असंन,' ते म्हणाले. 'आता ध्यानात राहत न्हाई.'

पुढचे आठ दिवस मी काही केलं नाही. घरातली कामं केली, एका कारखान्याचा भाग जोडला, त्यात नेहमीसारखे हुंकार टाकले. अण्णा बार्शीत माझ्या भावाकडे राहतात. नवव्या दिवशी वहिनीचा फोन आला, दुसऱ्याच कशासाठी तरी. बोलता बोलता ती म्हणाली, 'अण्णांचं काय झालंय कळत नाही. हल्ली सगळं वहीत लिहून ठेवतात. गोळी घेतली ते लिहितात, दाराला कडी लावली ते लिहितात. परवा मला विचारलं, मी काल देवळात गेलो होतो का?'

मी दुपारची एसटी पकडली. बार्शीला पोचले तेव्हा अण्णा देवळात गेले होते. वही खिडकीत होती. माझ्या वडिलांचं अक्षर नकाशावर लिहायचं अक्षर आहे, सुटं आणि उभं. त्यात तारीख घालून एक ओळ लिहिली होती, 'ड्रोनला व्हय म्हणालो. आठवत नाही.' खाली पुन्हा, दुसऱ्या तारखेला, 'आठवत नाही.' पुढच्या पानावर पुन्हा. शाळेत न येणारं गणित पोर परत परत मांडून बघतं, तसं ते मांडलेलं होतं.

मला रडू आलं. मी ते वहिनीला दिसू दिलं नाही आणि अण्णा आल्यावर त्यांनाही काही सांगितलं नाही. ते म्हणाले, 'बरं झालं आलीस. उद्या शेतावर चल माझ्यासंगं. दोघांना बोलावलंय. सांगून टाकतो, माझं चुकलं, वय झालं. ते व्हय मागं घेतो.' रात्रभर मी ठरवत होते की सकाळी चहाच्या वेळी सांगायचं. सकाळी चहाच्या वेळी वहिनी होती. एसटीत गर्दी होती. सबबींना कधी तोटा पडत नाही.

शेतात ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती. खांब चार रोवलेले आणि बाकीचे बांधावर आडवे पडलेले. थोरला आणि धाकटा एकमेकांकडं न बघता उभे होते. दोघांनाही टक्कल पडलेलं. अण्णांना दोघांनी वाकून नमस्कार केला, आणि मग पुन्हा आपापल्या बाजूला जाऊन उभे राहिले.

थोरल्यानं काठीनं बाभळीची फांदी दाबून धरली. मुळात दगड होता, वर शेवाळ सुकलेलं. अण्णा त्याच्यापाशी गेले. पायताण काढून त्यांनी एक पाय दगडावर ठेवला. नोकरीत ते शेतकऱ्यांना तिथं उभं करायचे. स्वतः उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते.

'हे बघा,' ते म्हणाले. 'त्या फोनमधी जे व्हय हाय ते माझं. पण ते चुकून गेलं. माझं आता वय झालं, ध्यानात ऱ्हात न्हाई...'

'अण्णा,' मी म्हटलं. 'तुम्ही म्हणाला नाहीत.'

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

'ते व्हय तुमचं आहे, पण त्या प्रश्नाचं नाही. मी विचारलं होतं, कानात आवाज येतोय का. त्याला तुम्ही व्हय म्हणालात. ते कापून मी तिथं लावलं.'

'लावलं म्हंजी?' धाकट्यानं विचारलं.

मी फोन काढला. मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं, ते पुसायचं धाडस मला झालं नव्हतं. पहिल्यांदा ऐकवलं, आवाज येतोय का? व्हय. येतोय की. मग शेवटचा प्रश्न आणि अण्णांचं पूर्ण उत्तर, बांध कोरण्याचं, दगडाचं, दोघांनी म्हणायचं. ज्वारीत वारा होता म्हणून मी फोन उंच धरला. धाकट्यानं मान खाली घातली. थोरला माझ्याकडे बघून म्हणाला, 'कुंपनानंच शेत खाल्लं म्हनायचं की.' त्याचा आवाज रागाचा नव्हता. हळहळला होता तो, आणि ते जास्त लागलं.

अण्णा आपलंच उत्तर ऐकत होते. ऐकताना त्यांचा चेहरा हळूहळू सुटत गेला. 'मी बराबर बोललो होतो,' ते म्हणाले. स्वतःशीच. 'मला आठवलं आता. ते बाभळीचं मूळ मी म्हणलो होतो.' त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसलेही. माझ्यावर चिडायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. आपलं डोकं शाबूत आहे, याचाच त्यांना एवढा आनंद झाला होता. त्या दोन मिनिटांत मला माझी जेवढी शरम वाटली तेवढी कधीच वाटली नाही, आधी नाही आणि नंतरही नाही.

मग ते माझ्याकडे वळले. पिशवीतून वही काढली, तीच. नवं पान उघडलं. खिशातलं पेन काढलं.

'सांग,' ते म्हणाले. 'पयल्यापासनं.'

मी सांगितलं. ते ऐकत होते, लिहीत नव्हते. मग त्यांनी कचेरीच्या भाषेत ते मला तोंडी परत ऐकवलं. मी, अमुक यांची मुलगी, राहणार सोलापूर, समक्ष सांगते की, माझे वडिलांचे तोंडचा शब्द मी एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावला. त्यांना विचारले नाही. लाभ माझा होता. त्यामुळे या दोन शेतांचे हद्दीबाबत गैरसमज झाला. 'माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे,' हे शेवटचं वाक्य म्हणून ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली.

टोपण निघालं नाही.

'हितं ये,' ते म्हणाले, आणि दगडावरून बाजूला झाले.

मी चप्पल काढली. दगड उन्हानं तापला होता. समोर दोन भाऊ, दोन्हीकडे ज्वारी. तोंडात पहिल्यांदा 'हं' आला. तो मी गिळला.

'व्हय,' मी म्हटलं.

अण्णांनी टोपण काढलं आणि लिहायला सुरुवात केली. माझी सही घेतली, मग त्या दोघांची साक्षीदार म्हणून. पान फाडून थोरल्याकडे दिलं. त्याला कायद्यात काही किंमत नाही, हे त्यांनी दोघांना बजावून सांगितलं, मोजणीचा रीतसर अर्ज द्या म्हणाले. धाकट्यानं खांब त्या दिवशी काढले नाहीत, पण पुढचे रोवलेही नाहीत. आम्हाला चहा मात्र त्याच्याच घरी मिळाला.

सोलापूरला आल्यावर मी तो भाग काढून टाकला आणि साहेबांना काय झालं ते कळवलं. ते म्हणाले, 'समजू शकतो, मॅडम.' दुसऱ्या सीझनला आवाज दुसऱ्या कुणाचा तरी आहे. चांगला आहे. तिचे हुंकारही जागच्या जागी पडतात.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी शेतावरून बार्शीला परतताना एसटीत आम्हाला जागा मिळाली, अण्णा खिडकीला, मी शेजारी. मग हळदी-कुंकवाच्या दगडाची ती म्हातारी त्यांना आठवली आणि ते सांगायला लागले, की तो दगड सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झालं. हे त्यांनी माइकसमोर सांगितलं नव्हतं. मी ऐकत होते. कंडक्टर मागून तिकिटं काढत येत होता.

'हं,' मी म्हटलं.

अण्णा थांबले. माझ्याकडे वळून त्यांनी नीट बघितलं, शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघायचे तसं.

'ऐकतीयास नव्हं?' त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी मला जन्मात कधी विचारला नव्हता. गोष्टीच्या वेळी माझा हुंकारच त्यांना पुरायचा.

'ऐकतेय अण्णा,' मी म्हटलं. तरी ते थोडा वेळ तसेच बघत राहिले, आणि मग पुढचं सांगू लागले.